लॉर्डसाहेबांच्या खुर्चीची वाटणी

मी, तुळशीराम नामा शिगवण, वय ७९, राहणार लॉर्डाचा बंगला, मु. खारकोंड, ता. माणगाव, जि. रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. बायको भागुबाई हिचं मत वेगळं आहे, पण ते कागदावर नाही.

मिळकतीची हकीकत अशी. डोंगरापासून खाडीपर्यंतची जमीन थॉर्नबी नावाच्या इंग्रज लॉर्ड घराण्याची होती. माझे वडील त्यांच्या बंगल्याचे राखणदार आणि थोड्या भातशेतीचे कूळ. इंग्रज गेले तेव्हा साहेबांनी बंगला वडिलांना बक्षीसपत्राने दिला आणि "माझी खुर्ची सांभाळ" एवढंच सांगितलं. पुढे कूळकायदा आला. सगळ्या कुळांनी शेतं नावावर करून घेतली. वडील मामलेदाराला म्हणाले, "मला नको. साहेब परत आले तर काय तोंड दाखवू?" तेव्हापासून गाव भात पिकवतं आणि आम्ही खुर्ची पुसतो. तिच्यावर आजवर कोणी बसलेलं नाही, मीसुद्धा नाही.

मध्यंतरी साहेबांची पणती आली होती. तिकडचा वाडा केव्हाच विकला, ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहते म्हणाली. मी खुर्ची दाखवली. तिने "छान" म्हटलं आणि भागुबाईशेजारी जमिनीवर बसून घावन खाल्लं. लॉर्ड संपले होते, फक्त आम्हाला कळवायचं राहिलं होतं.

कलम १. बंगला व बाग मुलगा हर्षद यास. त्याला इथे पर्यटकांसाठी हॉटेल काढायचं आहे आणि आईला खारघरच्या फ्लॅटवर न्यायचं आहे. ती जायची नाही. म्हणून तिला मागच्या पडवीत हयातभर राहण्याची परवानगी असावी.

कलम २. साहेबांची खुर्ची पत्नी भागुबाई हिस. जन्मभर तिने त्या खुर्चीच्या पायाशी पाटावर बसून वाल सोलले, त्यात गुडघे गेले. घराण्यातला सर्वांत मोठा मान मी तिला देत आहे.

कलम ३. बँकेत असेल ते भागुबाईस. हर्षदने फार उत्सुक होऊ नये.

कलम ४. शेजारी सदू मला "काय लॉर्ड" म्हणून हाक मारतो. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणाले, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केलं आहे.

इथवर साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं. मला वाटलं, भागुबाई डोळ्याला पदर लावेल. ती वाल सोलता सोलता म्हणाली, "ती खुर्ची हर्षदला द्या. घर माज्या नावावर करा."

"अगं, राहायची परवानगी लिहिली आहे ना."

"माज्याच घरात परवानगी? तुमच्या बापानं शेत सोडलं, तवा त्यांच्याबी वाट्याला खुर्चीच आली व्हती."

सदू हसला. मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

सबब कलम १ व २ खोडले असून तिथे माझी व साक्षीदारांची सही आहे. बंगला, बाग, पडवी, सगळं भागुबाईचं, पूर्ण मालकीने. ती ठेवेल नाहीतर विकेल, हर्षदने विचारू नये. खुर्ची त्याने खारघरला न्यावी. लिफ्टमध्ये मावते का ते त्याचं तो बघेल. सही करायच्या आधी मी तिच्यावर एकदा बसून पाहिलं. डाव्या बाजूला डुगडुगते.

सही: तुळशीराम नामा शिगवण

साक्षीदार:
१. सदू काशिराम भोस्तेकर
२. प्रणाली रत्नपाल जाधव, अंगणवाडी सेविका

तारीख: १२ फेब्रुवारी २०२५
ठिकाण: भागुबाईचं घर, मु. खारकोंड