भोपळ्याला पहिली सुरी

बाळकुम, ठाणे
गुरुवार

तीर्थरूप दादास,

धाकट्या शकूचा वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे आता पत्रातच वाकता येतं). तुझी आणि वहिनीची तब्येत बरी असेलच, कारण तुम्ही दोघं रोज भोपळा खाता आणि भोपळा खाणाऱ्याला काही होत नाही, हे तू मला फोनवर सांगतच असतोस. माझंही ठीक आहे. फोन न करता पत्र लिहितेय ते अशासाठी, की तू एकदा भोपळ्याचे गुण सांगायला लागलास की माझी पाळीच येत नाही.

तर तुझ्या परसातला भोपळा पोचला. तुझ्या शेजारच्या नयनने तो टिटवाळ्याहून गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून आणला (पट्टा लावला नाही तर गाडी बोंबलते, म्हणून भोपळ्याला पट्टाही लावलेला). लिफ्टमध्ये दोन बायकांनी सरकून त्याला जागा दिली. डायनिंग टेबल त्यानेच अडवल्यामुळे मी हल्ली ओट्यापाशी उभी राहून जेवते. तू सांगितलेलं सगळं माझ्या ध्यानात आहे. डोळ्यांना चांगला, पोटाला हलका, साल काढायची नाही, बिया वाळवून खायच्या म्हणजे झोप लागते. घारग्यांसाठी गूळ चिरून ठेवला, भरितासाठी दही लावलं, भाजीच्या फोडणीला मेथीदाणे काढले. पण दादा, अख्खा भोपळा बाईमाणसाने फोडायचा नसतो, पहिली सुरी पुरुषाने घालायची, हे आईने शिकवलेलं तू विसरलास का? ह्यांना जाऊन आता वर्ष होईल. घरात पुरुषमाणूस नाही, हे भोपळा पाठवताना तुला सुचायला हवं होतं. (मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं हे मला माहीत आहे, तू आठवण करून देऊ नकोस. शाळेत भोपळा फळ्यावर काढायचा असतो, कापायचा नसतो.)

आधी कामाच्या आवडाबाईला म्हटलं, तू काप, तुला कुठे आमच्या आईने शिकवलंय. ती दोन पावलं मागे सरली. "नाय बाई, माझा थोरला बारावीला हाय." भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं तिच्याकडेही मानतात, आणि पेपर अवघड गेला तर खापर माझ्या भोपळ्यावर फुटणार. मग माझ्या थोरल्याला, म्हणजे विनीतला (एकुलता असल्यामुळे थोरला तोच), बंगळुरूला फोन लावला. तो म्हणाला, "आई, व्हिडिओ कॉल कर. मी इथून सुरी धरतो, तू तिथे काप." आणि त्याने खरोखरच सुरी धरली, पण ती पडली पावाला लोणी लावायची. मागून त्याच्या ऑफिसातलं कोणीतरी हसलं, तेव्हा मी फोन ठेवला.

शेवटी शेजारचे सीतारामभाऊ आले. त्यांनी चहा घेतला, भोपळ्याने नजर कशी सुधारते ते सविस्तर सांगितलं (कपाळावर चढवलेला चष्मा टेबलावर शोधत शोधत), आणि मी सुरी हातात दिल्याबरोबर त्यांचा खांदा दुखू लागला. त्यांनी सोसायटीचे चेअरमन प्रफुल्लराव यांना बोलावलं. प्रफुल्लरावांनी भोपळ्याला हळदकुंकू लावायला लावलं, फोटो काढून घेतला आणि जोर करून सुरी घातली. पातं दोन बोटं आत गेलं आणि मूठ त्यांच्या हातात राहिली. आता सोसायटीच्या ग्रुपवर वाद चाललाय, की सुरी टेकली म्हणजे मान झाला, की फोड निघेपर्यंत झाला नाही. कोणीतरी टेंभी नाक्यावरच्या आपल्या गुरुजींनाही विचारलं. ते म्हणाले, दुधी आणा.

माझ्या मते मान झालेला नाही. तेव्हा दादा, रविवारी कोयता घेऊन ये आणि तुझ्या भोपळ्याचा निकाल लाव, नाहीतर गूळ पाघळेल आणि दही आंबेल. वहिनीला नमस्कार.

तुझी,
शकू

ता. क. दादा, सीतारामभाऊंचा खांदा दुखला नसता तरी मी काहीतरी खुसपट काढलंच असतं. स्वयंपाकघरातलं एवढं एकच काम हे करायचे. पहिली सुरी घालायचे, हात धुवायचे, "आता तुमचं राज्य" म्हणायचे आणि जाऊन पेपर उघडायचे. त्या जागी दुसरं कोणी उभं राहिलेलं मला बघवेना. प्रफुल्लरावांच्या हातात मूठ राहिली तेव्हा, देव मला क्षमा करो, बरं वाटलं.

ता. क. आणखी एक. पत्र टाकायला खाली उतरले, तर कोपऱ्यावरची टपालपेटी कधीच काढून नेलेली. तशीच परत आले. टेबलावर तो होताच. खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि अडकलेल्या पात्यावर हाणला. दोन सरळ फाका झाल्या. विनीतला लगेच फोन करून विचारलं, तो ठणठणीत आहे. मग मीच मोठ्याने "आता तुमचं राज्य" म्हटलं. घरात कोणी नव्हतं. खूप रडले, आणि मग घारगे तळले. नयनची उद्या पुन्हा इकडे फेरी आहे, हे पत्र आणि घारग्यांचा डबा तिकडूनच पाठवतेय. रविवारी ये मात्र नक्की. कोयता आणू नकोस. वेलावर दुसरा भोपळा असेल तर तो आण, आणि न कापता आण.