काटा शून्यावर होता

२ फेब्रुवारी

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आज आधी काम, मग खुशाली, रागावू नका. सोबतच्या खोक्यात आमच्या कारखान्यातलं वीज मोजायचं काट्याचं जुनं मल्टिमीटर आहे. तुमच्या धाकट्या भाच्याचा, इथे वायरमन असलेल्या आपल्या मौनीचा, उजवा तळवा भाजला तो याच्यावर विश्वास ठेवून. एका मशीनच्या मोटारीची विजेची पेटी उघडण्याआधी त्याने मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावून काटा धावतो हे पाहिलं. मग पेटीतल्या तारांना लावली. काटा शून्यावर राहिला, म्हणून त्याने हात घातला. तारांत पूर्ण वीज होती.

आणि व्यवस्थापक म्हणतो, मौनीने तपासलंच नाही. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याला घरी बसवायचं ठरलेलंच आहे, चौकशी नावापुरती. नवं मीटर मागितलं की जुनं अजून चालतंय हे उत्तर, आणि माणूस भाजला की दोष माणसाचा! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

मौनी भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. लोक आपल्याला खोटारडा म्हणतात हे त्याला हातापेक्षा जास्त झोंबलंय. मी पॅकिंगमध्ये काम करणारी बाई असले तरी युनियनची चिटणीस आहे. हट्ट धरला, तेव्हा मीटर बाहेरच्या जाणकाराला दाखवायची परवानगी मिळाली. तुम्ही जन्मभर हेच काम केलंत. यात काय बिघडलंय ते शोधा आणि लगेच परत पाठवा.

मामींना नमस्कार. लोभ आहे म्हणूनच हक्काने लिहिलं.

तुमची,
ताई

*

६ फेब्रुवारी

चि. तोफेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामी रडली आणि मी मीटर उघडलं. ज्याला जे जमतं ते त्याने करावं.

मौनी खरं बोलतोय. टोकं जोडली की काटा झपकन पलीकडे जातो, कोणीही म्हणेल मीटर ठणठणीत. पण ती फक्त आतल्या सेलच्या विजेची वाट. घरातल्या-कारखान्यातल्या विजेची, म्हणजे एसी करंटची वाट निराळी, आणि ती मेलेली होती. कधीकाळी आतले सेल पाझरले असणार. कोणीतरी नवे घातले, वरवर पुसलं, पण पाझर खाली उतरला होता. त्या वाटेवरचा डायोड नावाचा चिमुकला भाग हिरवा पडला होता आणि त्याचा एक पाय गंजून पार तुटला होता.

मग काय, हिरवी भुकटी व्हिनेगरने घासून काढली, डायोड नवा बसवला, जोडाला डाख असा दिला की त्यात तोंड बघून घ्यावं. काटा किंचित अडखळत होता, तोही मोकळा केला. काच पुसली. आता भिंतीतल्या प्लगला टोकं लावली की काटा राजासारखा चालत जातो आणि नेमक्या जागी थांबतो. अशी मीटरं आता बनत नाहीत. मौनीला म्हणावं, मामाने तुझ्या वैऱ्याला माणसात आणलं.

घसा सांभाळ, भाषणं कमी कर. मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
मामा

*

९ फेब्रुवारी

ती. मामांस,
नमस्कार. तो हात जोडून करायचा की कपाळावर मारून, तुम्हीच ठरवा.

मामा, मी तुमच्याकडे साक्षीदार पाठवला होता. तुम्ही त्याला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून, व्यवस्थापकाच्या बाजूने बोलायला शिकवून परत पाठवलात. समितीच्या टेबलावर तुमचा काटा राजासारखा चालेल आणि माझा भाऊ खोटारडा ठरेल. तुटका डायोड कुठे आहे? केरात. भुकटी? मोरीत. आणि तुमचा शब्द कोण मानणार? सख्खा मामा म्हणून हसतील. बिघडलेली वस्तू दिसली की तुमचे हात इतके शिवशिवतात? मामींनी नाही का हात धरला?

मौनीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. अपघातानंतर पहिल्यांदा हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मीटर परत पाठवतेय. होतं तसं करून द्या. डायोडचा पाय कापा, गंज चढवा, काय वाटेल ते करा. हे खोटं नव्हे, जे होतं तेच मांडणं आहे. सोमवारी चौकशी आहे.

लोभाचं नंतर बघू.

ताई

*

१२ फेब्रुवारी

चि. तोफेस आशीर्वाद.

शिव्या पोचल्या. अर्ध्या माझ्याच आहेत, पदरात घेतल्या. उघडलेलं मीटर बिघडलेलं ठेवून झाकण लावणं मला कधी जमलं नाही. गाढवपणा झाला. मामी बोलत नाही माझ्याशी.

उरलेल्या अर्ध्या परत घे. माझ्या हाताने बिघाड बसवू? या हातांनी नीट केलेल्या मीटरच्या आकड्यावर विसंबून माणसं तारेला हात लावत आली. मीटर आहे तसंच पाठवतोय.

आणि राग काही तुझ्या एकटीच्या मालकीचा नाही. फाटकावर उभी राहून सगळ्या कारखान्याच्या नावाने ओरडतेस, आणि दोन पत्रांत तुला एकच माणूस दिसला, तोही आपल्या घरातला. या मीटरच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सात आकडा रंगवलाय. बाकीची कुठे आहेत? जिथे एकातले सेल पाझरेपर्यंत विसरले जातात तिथे सगळ्यांतले विसरले जातात. तू हे वाचत असताना कोणीतरी टोकं जोडून काटा धावताना बघतोय आणि खुशाल पेटीत हात घालतोय. मेलेल्या साक्षीदारासाठी गळा काढतेस, त्याचे सख्खे भाऊ तुझ्या नाकासमोर स्टोअरमध्ये बसलेत.

ऊठ आधी.

मामा

*

१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा.

मौनीवरचा ठपका मागे घेतला. हे आधी सांगते, मामींच्या जिवाला घोर नको.

सोमवारी तुमचं पत्र आलं तेव्हा कारखान्यात दुपारची पाळी सुरू होत होती. वाचून चुरगळलं, कारण तुमचं बरोबर होतं आणि ते मला सुचायला हवं होतं. तशीच धावत गेले आणि वायरमनांना पेट्यांपासून बाजूला केलं. मीटरं तपासल्याशिवाय एकही झाकण उघडणार नाही म्हणून सांगितलं. व्यवस्थापक म्हणाला, हा बेकायदा संप आहे. मी म्हटलं, बारसं तुम्ही करा, आम्ही जागचे हलणार नाही. पेट्यांचं काम बंद पडलं तशी चौकशी समितीच तिथे आली.

सगळी मीटरं टेबलावर मांडली. आधी तुमचं सात नंबरचं प्लगला लावून वीज आहे हे सगळ्यांना दाखवलं. मग एकेक. आणखी तीन निघाली. टोकं जोडली की काटा धावतो, प्लगला लावली की ढिम्म. त्यातलं एक त्याच सकाळी बॉयलरकडे वापरलेलं होतं.

व्यवस्थापक तरीही हटेना. मीटरं उत्तम आहेत, टोकं धरायची अक्कल नाही, हेच पालुपद. मी भाषणासाठी छाती भरून श्वास घेतला, तेवढ्यात चौकशीला आलेल्या मौनीने मला डाव्या हाताने मागे सारलं. एका ढिम्म मीटरची टोकं त्याने समितीतल्या एकाच्या हातात दिली आणि तिथल्याच एका उघड्या, चालू पेटीतल्या तारांना लावायला सांगितली. काटा शून्यावर. मग तो व्यवस्थापकाला शांतपणे म्हणाला, साहेब, मीटर उत्तम आहे म्हणता, म्हणजे या तारेत वीज नाही. बोट लावून दाखवा.

मामा, त्या माणसाने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. समोर सगळी पाळी उभी होती. सगळे त्याच्या खिशांकडे बघत राहिले.

माझा राग उतरलेला नाही, थोडा तुमच्यावरही शिल्लक आहे. लोभ वाढवायला मला सध्या सवड नाही. तुमच्याकडचा असू द्या.

तुमची,
तोफ