‘मला माहीत नाही’ म्हणण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
प्राथमिक शाळा विभाग,
शिक्षण कार्यालय.

विषय : चौथीच्या वर्गासमोर ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपला शाळाभेटीचा अहवाल, व ‘सदर तास बंद का करू नये’ याचा खुलासा मागविणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार हा छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक असून ‘चारित्र्य, कल्पनाशक्ती व स्वतंत्र विचार’ या तासासाठी दर गुरुवारी शाळेत विनामोबदला येतो. शाळेला भरपूर वाचलेला माणूस हवा होता. अर्जदाराने वाचले भरपूर आहे. त्यातले डोक्यात किती राहिले, याची हमी त्याला देता येत नाही. खुलाशास उशीर झाला तो मुद्रितशोधकाच्या सवयीमुळे. लिहिलेला प्रत्येक मसुदा अर्जदाराने स्वतःच खोडला.

२. आपल्या भेटीच्या दिवशी वर्गातील दोन वेण्यांच्या मुलीने विचारले, “आजोबा, आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग डोकं खाली आणि पाय वर का होत नाहीत?” अर्जदाराने चष्मा पुसून पाहिला. उत्तर आले नाही. तेव्हा त्याने “मला माहीत नाही” असे सांगितले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “खरंच माहीत नाही, की आमची फिरकी घेताय?” अर्जदाराने खरंच माहीत नसल्याचे सांगताच ती मुलगी म्हणाली, “मग बघू या की.”

३. त्यानंतर शिक्षकांच्या खोलीतील बेसिनवरचा आरसा वर्गात आणला गेला. आणणारा अर्जदारच होता. मुलांचा त्यात दोष नाही. आरसा आडवा, तिरका, उलटा असा सर्व प्रकारे धरून झाला. शेवटी एकीने तो जमिनीवर ठेवला आणि कडेने उभ्या राहिलेल्या सर्वांची डोकी खाली व पाय वर दिसू लागले. त्या आरडाओरड्यातच आपले आगमन झाले.

४. अहवालात आपण नमूद केले आहे की शिक्षकास विषयाचे ज्ञान नव्हते, बाके जागेवर नव्हती व आरसाही जागेवर नव्हता. तिन्ही बाबी खऱ्या आहेत. अर्जदार जमिनीवर बसलेला आढळला हेही खरे आहे, फक्त त्याचे कारण गुडघे हे आहे. एकदा बसल्यावर त्याला चटकन उठता येत नाही.

५. आपल्या पत्रासोबत आलेली ‘स्वतंत्र विचार : प्रश्न व आदर्श उत्तरे’ ही पुस्तिका अर्जदाराने मनापासून वापरून पाहिली. मुलांनी तीत छापलेलेच प्रश्न विचारावेत, अशी सूचना आहे. ‘ढग कशासारखा दिसतो?’ याचे उत्तर ‘हत्तीसारखा’ असे आहे. पुस्तिका वापरली त्या दिवशी खिडकीतून दिसणारा ढग मुलांच्या मते पाठ खाजवणाऱ्या म्हातारीसारखा होता. अर्जदाराने नाइलाजाने अर्धा गुण दिला. पुढे ‘नेहमी खरे बोलावे का?’ याचे उत्तर ‘होय’ असून, त्याच पानाच्या तळाशी शिक्षकांसाठी सूचना आहे की, उत्तर येत नसल्यास ते मुलांना कळू देऊ नये. पानाचा वरचा भाग पाळावा की खालचा, हे अर्जदाराला ठरवता आलेले नाही.

६. काल, गुरुवारी, दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. अर्जदाराला बरे वाटले. तिने विचारले, “आजोबा, आज मला कोणता प्रश्न पडलाय?” अर्जदाराने पुस्तिका उघडून तो तिला वाचून दाखवला. तिने “बरं” म्हणून वहीत उतरवून घेतला. रात्री अर्जदाराला जेवण गेले नाही.

७. सबब विनंती की, ‘मला माहीत नाही’ असे दर तासाला एकदा म्हणण्याची परवानगी मिळावी. ते नियमात बसत नसल्यास गप्प राहण्याची मिळावी. मात्र अर्जदार गप्प असला तरी ‘ह्यांच्या चेहऱ्यावरूनच मुलांना कळतं’ अशी मुख्याध्यापिकाबाईंची तक्रार आहे. तरी चेहऱ्याचे काय करावे, याबाबतही मार्गदर्शन व्हावे. अर्जदाराच्या पत्नीचे म्हणणे पडले, “तुम्हाला काही येत नाही, हे सांगायला अर्ज कशाला? मी तोंडी सांगते साहेबांना.” त्यांना अर्जदाराने थोपवून धरले आहे.

८. एक बाब लिहू की नको, असे फार वेळ झाले. अहवालात एक नोंद राहून गेली आहे. त्या दिवशी आपण आरसा उचलायला सांगण्यासाठी पुढे आलात आणि सहज वाकून आत पाहिलेत. “अरे, हो की,” असे आपण म्हणालात. मग त्या मुलीला विचारलेत, “पण असं का होतं गं?” ती म्हणाली, “माहीत नाही, साहेब. तुम्ही पण बसा ना.” आणि आपण बसला होतात. तास संपल्याची घंटा आपल्यालाही ऐकू आली नव्हती.

एवढी नोंद अहवालात घ्यावी व तास चालू ठेवावा. साहेब पुन्हा कधी येणार, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर पुस्तिकेत नसल्याने अर्जदाराने त्यांना, परवानगी येण्यापूर्वीच, माहीत नाही असे सांगितले आहे. त्याबद्दल क्षमा असावी.

पुढच्या गुरुवारच्या आशेवर असलेला,
नम्र अर्जदार
(स्वाक्षरी)

दिनांक : शुक्रवार, तासानंतरचा दिवस.

सोबत :
१) पुस्तिका, साभार परत. छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत; इतर चुकांना हात लावलेला नाही.
२) आरसा बेसिनवर परत लावल्याबद्दल मुख्याध्यापिकाबाईंची पोच.
३) दोन वेण्यांच्या मुलीचा मूळ प्रश्न, तिच्याच अक्षरात. उत्तराची जागा कोरी ठेवली आहे. आपल्याला सुचल्यास लिहावे.