रवळीचा काठ

बाबा, आज दुपारी दादाच्या मुलाचा गावाहून व्हिडिओ कॉल आला. दादा जाऊन आता वर्ष होत आलं. आपल्या घराच्या जागी मुलाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. गोव्याला आलेली माणसं घाट चढून तिथे राहायला येतात, जुन्या पोर्तुगीज हद्दीवरचं डोंगरातलं गाव म्हणून फोटो काढतात. तांदूळ धुवायच्या तुझ्या हातच्या दोन बांबूच्या रवळ्या त्याने भिंतीवर टांगल्यात, आणि पाहुण्यांना दाखवायला तो स्वतः विणायला शिकतोय. "आत्ये, बूड जमता माका," तो म्हणाला, "पण आजोबांसारखो काठ कसो बांधूचो, ता सांग. आता तूच रवलंस." "बघून सांगते," मी म्हणाले, इथे सिंगापुरात, पासिर रिसला, लेकीच्या फ्लॅटमधून.

मला आठवतो तो घाट. मी आठेक वर्षांची, डोक्यावर सुपं-रवळ्यांची चळत, आणि तू पुढे. पलीकडच्या बाजारात माल न्यायचा तर नाक्यावर थांबावं लागे. तिथला पोर्तुगीज शिपाई, आपण त्याला पाखलो म्हणायचो, एक रवळी उचलतो, टोपीसारखी डोक्यावर घालतो आणि हसतो. तूही हसतोस. तुला असं मोकळं हसताना मी तेवढंच पाहिलं. आपल्या गावात तुझ्या हातचं सूप अंगणात ठेवून लांब उभं राहावं लागे, आणि पाणी शिंपडल्याशिवाय ते कुणी उचलत नसे. उतारावर मी विचारलं, "बाबा, आपण कोण ता तेका कोणी सांगूक नाय?" तू म्हणालास, "सांगूक नाय, म्हणानच हसता."

पुढे एकदा तू दादाला काठ शिकवत होतास, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले आणि कोयता घेऊन बांबू सोलायला लागले. तू तो असा हिसकावलास की तुझंच बोट कापलं. "ह्या हातान परत बांबू धरलंस तर घरात घेवचंय नाय. शाळेत जा." रक्त गळत होतं, आई चिंधी शोधत होती, आणि तू माझ्याकडेच बघत होतास. त्यानंतर मी दारात आले की तू पाठ फिरवून बसायचास, काठ वळवणारे तुझे हात दिसू नयेत म्हणून. मी मास्तरीण झाले, लेक इंजिनियर झाली, त्याची सुरुवात तिथे आहे, हे मला कळतं.

कॉलनंतर मी खाली दुकानामागे जाऊन खोक्यांना बांधतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या गोळा करून आणल्या. बूड जमलं. भिंतीही थोड्या उभ्या राहिल्या. काठाशी आले की पट्ट्या सुटायच्या. मी पुन्हा घालायची, त्या पुन्हा सुटायच्या. नात शाळेतून आली, दप्तर टाकून बघत उभी राहिली.

"आजी, व्हॉट इज धिस? कॅन बाय वन, लाह."

"माझे बाबा करायचे," मी म्हणाले.

"सो ही वॉज अ‍ॅन आर्टिस्ट?"

"हो," मी म्हणाले.

ती टीव्ही लावायला गेल्यावर मी ते अर्धवट काम स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट खाली सोडणाऱ्या चुटात टाकलं. मग दादाच्या पोराला फोन करून सांगितलं की मला येत नाही, मला कधी शिकवलंच नाही. तो रागावला नाही. "आसांदे आत्ये," म्हणाला, "कडेक तार मारतंय. पाहुण्यांका काय कळता?" बरोबरच आहे त्याचं. आता तो काठ कुणालाच येत नाही, आणि तार मारलेली रवळी भिंतीवर चांगली दिसेल.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. लेकीखेरीज या घरात मराठी वाचणारंही कुणी नाही, आणि तिला मी दाखवणार नाही. एवढंच कबूल करते, की नातीने 'आर्टिस्ट' म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. गाव आपल्याला ज्या नावाने हाक मारायचं, ते जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं, आणि इथे लिहायलाही हात होत नाही.