म्हैस पान्हा सोडत नाही

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय, हे नवलच म्हणायचं. तुम्ही होतात तेव्हा तर तुमची चाहूल लागली की मी मागच्या दाराने पसार. असो. तुमची सून बडोद्याला आहे, छाणीला, तुमच्या नातवाकडे. त्याला मुलगी झाली म्हणून दिवाळीनंतर महिनाभरासाठी गेली, ती गेलीच. आता आंब्याला कैऱ्या लागल्या. तुमची नातसून नोकरीला जाते, बाळ आजीशिवाय कुणाकडे राहत नाही. इथे सावली तालुक्यातल्या या खेड्यात मी आणि एक म्हैस. घर खायला उठतं, अप्पा. जेवायला बसतो आणि घास तोंडात फिरत राहतो.

तुमची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आठवतं? तेव्हाची म्हैसही तिच्या हाताची, मी बसलो की पान्हा चोरायची. मी चिडून बादली आपटली, तर मागे तुम्ही उभे. "अरे मूर्खा, म्हैस तोंड बघत नाही, वास बघते. बायकोचं लुगडं घे अंगावर." घेतलं, आणि खरंच धार लागली! तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मग माझ्याकडे बघून एकदम ओरडलात, "बायको माहेरी गेलीय, मेली नाही. सुतकी तोंड करून फिरू नकोस, लोक हसतात." तेव्हापासून मी तोंडावर काही दिसू देत नाही.

या वेळी जाताना तिनेच अंगावरची साडी खुंटीला लावून ठेवली. म्हणाली, "धुऊ नका हं, म्हशीसाठी आहे." रोज पहाटे ती साडी डोक्यावरून घेऊन मी धार काढायला बसतो आणि शेजारचे काका कुंपणावरून हाक मारतात, "केम छो, भाभी?" मीही हसतो. बरं चाललं होतं. पण मी एक नंबरचा गाढव! थंडीत एकदा ती साडी उशाशी घेतली, मग रोजच घ्यायला लागलो. तिच्या तेलाचा, फोडणीचा वास होता त्या साडीला. हळूहळू माझ्या घामाचा आणि तंबाखूचा लागला. परवा म्हशीने साडी हुंगली आणि लाथ मारून बादली उडवली. मी तिथेच शेणात बसून रडलो. तिचा तेवढा वास उरला होता घरात, तोही मीच संपवला.

तिला फोन केला. तिचे हात कणकेत असतात, म्हणून फोन स्पीकरवर, सगळं घर ऐकतं. म्हटलं, "म्हैस पान्हा सोडत नाही."

"म्हशीचं कळलं. तुमचं काय?"

"माझं काय? फावतंय, जमतंय सगळं."

मागे बाळ रडत होतं. मग ती म्हणाली, "विकून टाका तिला. माझं येणं आता काही खरं नाही."

तिकडे जाऊन राहायचं म्हटलं तर तेही मध्यंतरी म्हैस शेजारच्या काकांवर सोपवून करून पाहिलंय. ती आतल्या खोलीत नातीजवळ, मी बाहेर सोफ्यावर. मुलासुनेसमोर "चहा घेता का?" याच्यापलीकडे बोलणं नाही. चार दिवसांत परत आलो. तिथे ती समोर असून नव्हती, ते जास्त लागलं.

काल व्यापारी म्हैस घेऊन गेला. गोठा झाडला आणि तिथेच उभा राहिलो. आता तिला फोन करायला निमित्तसुद्धा उरलं नाही.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ठाऊक आहे. म्हणूनच तुमच्या नावाने लिहिलं, अप्पा. यातलं सगळं तिला सांगायचं होतं, आणि तिचा पत्ता मला तोंडपाठ आहे.