नंबर तोच राहिला पाहिजे

१ नोव्हेंबर २००९, रविवार

सतरा मार्चनंतर या वहीत एक ओळ नाही. साडेसात महिने. वहीची माफी मागण्यात अर्थ नाही हे कळतं, तरी मागतो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हे खरं कारण. सतरा मार्चला आमची फौंड्री बंद झाली, ते त्या दिवशीच लिहिलेलं आहे. तेव्हापासून मी घरी आहे.

'घरी आहे' हे वाक्य पुन्हा तपासलं. बरोबर आहे.

आजपासून खर्चाला शिस्त. सुरुवात मोबाईलपासून. एका नव्या कंपनीने सेकंदाला एक पैसा असा दर काढला आहे. माझी कंपनी सुरू झालेलं मिनिट पूर्ण धरते. मी सरासरी अडतीस सेकंद बोलतो (स्टॉपवॉच लावून पाहिलं). म्हणजे प्रत्येक फोनला बावीस सेकंद न बोलल्याचे पैसे देतो. सतरा वर्षं लॅबमध्ये लोखंडाचे नमुने तपासलेल्या माणसाला हे शोभत नाही.

एकच किरकोळ अडचण. कंपनी बदलली की नंबर बदलतो. आणि हा नंबर शिरोली एमआयडीसीत हंबीररावांकडे आहे. ते तिथल्या एका फौंड्रीत वर्क्स मॅनेजर. नऊ सप्टेंबरला त्यांनी माझी मुलाखत घेतली, दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ऑर्डरी वाढू द्यात, मीच फोन करतो. 'मीच' हा शब्द त्यांनी वापरला. माझ्या वयाच्या माणसाला दुसरी जागा मिळणं अवघड आहे, त्यामुळे तो फोन यायला हवा.

पण मुख्य मुद्दा दराचा आहे.

निर्णय आठवड्याभरात.

३ नोव्हेंबर, मंगळवार

कोपऱ्यावरच्या गुंडूच्या रिचार्जच्या दुकानात गेलो. पाच कंपन्यांची पत्रकं आणली. भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. लोक ही वाचत नाहीत आणि मग फसतात.

गुंडू म्हणाला, सर, तुमच्या कार्डात रिचार्ज मारू का? मी म्हणालो, जे कार्ड टाकून द्यायचंय त्यात पैसे कशाला घालू? तो म्हणाला, मग बदला की. मी म्हणालो, विचार चाललाय. तो म्हणाला, एवढा इच्यार तर मी लगीन ठरवताना बी केला न्हवता! दुकानातली दोन माणसं हसली. मीही हसलो. हसावंसं वाटलं नव्हतं.

माझं कार्ड 'लाईफटाईम' आहे. नावातच सगळं आलं. त्यामुळे घाई नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

आठवडा संपला. निर्णय झाला नाही, पण तक्ता झाला. पाच कंपन्या, चौदा रकाने. 'एकूण विश्वासार्हता' हा रकाना कसा भरायचा ते ठरलेलं नाही.

दानेश्वरीने (बायको) तक्ता पाहिला. ती बालवाडीत शिकवते, त्यामुळे चौकटी आखलेल्या तिला आवडतील असं वाटलं होतं. ती म्हणाली, अहो, हंबीररावांकडं एकदा जाऊन का येत न्हाई? फोनपेक्षा शिरोली जवळ हाय.

तिला समजावलं. त्यांनी 'फोन करतो' म्हटल्यावर आपण जाऊन उभं राहणं म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवणं. शिवाय गरजू दिसतो. ती म्हणाली, मग आपण कोण हाय?

तक्ता घडी घालून ठेवला. नेसरीच्या (तिचं माहेर) माणसांशी वाद घालू नये हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवलं आहे.

११ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीकडून सारखे मेसेज. आज तीन. सगळे इंग्रजी कॅपिटलमध्ये, 'डिअर कस्टमर'ने सुरू होणारे. न वाचता पुसले. जाहिराती वाचायच्या नाहीत, हे तत्त्व.

मुलगी शिवांजली म्हणाली, पप्पा, वाचून तर बघा. मी म्हणालो, सोडून चाललेल्या गिऱ्हाइकाला ते असेच गोंजारणार.

१५ नोव्हेंबर, रविवार

नव्या कंपनीच्या रेंजची चाचणी. गुंडूकडून एक सिमकार्ड तासाभरासाठी आणलं. घरात आठ ठिकाणं ठरवली, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा दांड्या मोजल्या, सरासरी काढली. उत्तम रेंज न्हाणीच्या बाहेर, स्टुलावर उभं राहून, हात खिडकीबाहेर काढल्यावर. समोरच्या बनाबाईंनी पाहिलं. ओरडून विचारलं, काय वो भाऊ, कावळं हाकलताय व्हय? मी हो म्हणालो. नंतर वाटलं, हे खोटं झालं. पण दुरुस्त करायला त्यांच्या घरी जाणं बरं दिसलं नसतं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

जाहिरातींचे मेसेज पाच दिवसांपासून बंद. तक्रार न करता कंपनीला कळलं म्हणायचं. जुन्या कंपनीला तक्त्यात अर्धा गुण वाढवला.

सकाळी पावणेसहाला जाग आली. पहिल्या पाळीची सवय. दाढी केली, मग कॉटवर बसलो. साडेनऊला दानेश्वरी म्हणाली, अजून तिथंच? मला पाच मिनिटं झाल्यासारखी वाटत होती.

२९ नोव्हेंबर, रविवार

महत्त्वाची बातमी. एकतीस डिसेंबरपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येणार म्हणे. पेपरातलं कात्रण वहीत चिकटवलं.

म्हणजे मी घाई केली नाही हेच बरोबर ठरलं. गुंडूला सांगायला गेलो. तो म्हणाला, सर, सरकारचं काय खरं धरताय? मी म्हणालो, तारीख छापून आली आहे. तो म्हणाला, लग्नाची बी छापत्यात.

निर्णय: एकतीस डिसेंबरपर्यंत काहीही करायचं नाही. हा मी घेतलेला पहिला ठाम निर्णय. रात्री बरी झोप लागली.

९ डिसेंबर, बुधवार

फोन अगदी शांत. खर्चाची शिस्त म्हणून मीही कुणाला लावत नाही. हंबीररावांच्या मुलाखतीला आज तीन महिने झाले. ते कामात असणार. मॅनेजरला फोन करायला फुरसत नसणं म्हणजे ऑर्डरी वाढल्याचंच लक्षण. मंदी उठते आहे.

जेवताना हे सांगितलं. दानेश्वरी म्हणाली, भाकरी देऊ?

१७ डिसेंबर, गुरुवार

फोन आंघोळीलाही सोबत नेतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवतो. आज मध्येच वाजल्यासारखा वाटला. साबण न धुता बाहेर आलो. कुकर होता.

स्वतःला विचारलं, की तू दराचा विचार करतोयस की फोनची वाट बघतोयस? प्रामाणिक उत्तर: दोन्ही. प्रमाण काढता आलं नाही.

३० डिसेंबर, बुधवार

योजना पुढे ढकलली. नवी तारीख मार्चअखेरची. वाचून काही वाटलं नाही. राग यायला हवा होता, म्हणून थोडा वेळ थांबून पाहिलं. आला नाही.

निर्णय: मार्च.

२ जानेवारी २०१०, शनिवार

शिवांजली क्लासहून लवकर आली. मी वाचनालयात होतो. घराला कुलूप. ती तासभर पायरीवर. मी आल्यावर उभी राहून म्हणाली, पप्पा, सतरा वेळा लावला फोन! हा नंबर सेवेत नाही म्हणतोय! कधीपासनं मेलाय तो?

लगेच गुंडूकडे. त्याने कंपनीला फोन लावून विचारलं. अठरा नोव्हेंबरला बंद झाला. लाईफटाईम कार्डातसुद्धा सहा महिन्यांत एकदा काहीतरी भरावं लागतं. म्हणाला, मागं बारीक अक्षरात लिवलेलं अस्तंय की सर, आणि मेसेज बी धाडत्यात, आला न्हवता? आता इतक्या दिवसांनी तो नंबर परत मिळत नाही.

गुंडूने दोन वेळा विचारलं, पाणी आणू का? मला वाटतं मी काउंटरला धरून बराच वेळ उभा असेन.

त्याच्या हाताला जे पहिलं सिमकार्ड लागलं ते घेतलं. कुठली कंपनी ते विचारलं नाही. तक्ता घरीच होता.

रात्री आठ वाजता. विचारांती एक गोष्ट स्पष्ट झाली. हंबीररावांनी फोन केलेलाच असणार. एकदा नव्हे, अनेकदा. दरवेळी 'सेवेत नाही' ऐकलं असणार. म्हणजे गेला दीड महिना त्यांनी शब्द पाळला आणि मी नाही. इतके दिवस जे काही कळत नव्हतं ते सगळं यातून कळतं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

आता मात्र गेलंच पाहिजे. मागायला नव्हे. दिलगिरी व्यक्त करायला.

४ जानेवारी, सोमवार

इस्त्रीचा शर्ट. केएमटीच्या बसने शिरोलीला गेलो. फौंड्रीचं गेट बंद. बाकड्यावरचा वॉचमन म्हणाला, पावणं, आज सोमवार न्हवं का? सुट्टी की!

सोमवारी एमआयडीसी बंद असते. सतरा वर्षं सोमवारी घरी बसलेल्या माणसाला हे आठवायला हवं होतं. वॉचमनने नवीन वाटतासा म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं खोटं.

५ जानेवारी, मंगळवार

हंबीरराव भेटले. चहा मागवला. मी आधी दिलगिरी व्यक्त केली. अठरा नोव्हेंबरपासून फोन बंद होता, कारण काय, चूक माझी कशी, हे क्रमाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पण फोन कुणी केलता?

मग म्हणाले, मृत्युंजयराव, खरं सांगू काय? मी समद्यांनाच म्हणतो, फोन करतो. ज्याला गरज आस्ती त्यो येतोय की. ऑर्डरी दिवाळी झाल्या झाल्या वाढल्या. इचलकरंजीचा एकजण रोज सकाळी गेटवर येऊन हुबा ऱ्हायचा, त्याला घेतला लॅबला. तुम्ही आलाच न्हाईसा. मला वाटलं, कुठंतरी लागलासा. तुमचं काम चांगलं म्हणून ऐकलं होतं वो.

मी विचारलं, कधी घेतलं त्याला? तारीख विचारण्याची काही गरज नव्हती. त्यांनी रजिस्टर मागवून बघितलं. दहा नोव्हेंबर.

दहा नोव्हेंबरला माझा फोन चालू होता.

चहा संपवला. नवा नंबर दिला. त्यांनी तो टेबलावरच्या कॅलेंडरच्या कडेला लिहिला, डिसेंबरच्या पानावर. पान अजून उलटलेलं नव्हतं. दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, जागा निघू द्या, मीच फोन करतो.

परत येताना बस आधीच्या स्टॉपला सोडली. चाललो. काही वाटलं नाही. पाय दुखले.

दानेश्वरी दारातच उभी होती. काय म्हणाले विचारलं. मी म्हणालो, नवा नंबर लिहून घेतला, आणि म्हणाले, मीच फोन करतो. यात एकही शब्द खोटा नाही. तिने डोळे पुसले, आत जाऊन देवापुढे साखर ठेवली आणि खिडकीतून बनाबाईंना ओरडून सांगितलं, काम झाल्यागत हाय बगा!

बनाबाई साखर मागायला येऊन गेल्या. मी पण थोडी खाल्ली.

उद्या : दानेश्वरी बालवाडीला जायच्या आत तिला दहा नोव्हेंबरचं सांगणे.