दोन कॅन आणि दुसरी सर्व्हिसिंग

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

अहमदपूर
९ मार्च १९८६

चि. सौ. शिवगंगा हिस,
अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या यजमानांविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी तुझ्याच दरबारात दाखल करतो आहे. संक्रांतीला त्यांच्या एजन्सीतून मी मोटारसायकल घेतली, तेव्हा नारळ, हार, पेढे आणि चामड्याचा कीचेन असा चतुर्विध सन्मान होईल, असं निवृत्तीरावांनी मला सांगितलं होतं. नारळ मिळाला, तो नासका निघाला. हार आधीच्या गिऱ्हाइकाच्या हँडलवरून काढून माझ्या हँडलवर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मेहुण्याच्या अब्रूखातर बोललो नाही. पेढे निवृत्तीरावांनीच खाल्ले. पण कीचेनचं काय? आजतागायत मी किल्ली सुतळीत ओवून हिंडतो आहे. वर्गातली पोरं म्हणतात, संस्कृतच्या सरांना सुतळीच शोभून दिसते.

गाडीबरोबर एक पुस्तिका मात्र मिळाली. पंचवीस वर्षं मी विधी आणि निषेध शिकवले, पण इतके कडक कुठं वाचले नव्हते. पहिली सर्व्हिसिंग पाचशे किलोमीटरला. दुसरी दोन हजारांना किंवा तीन महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा. प्रत्येक वेळी ऑइल बदलायचं, कुपन फाडायचं, शिक्का घ्यायचा, आणि तेही एजन्सीच्याच वर्कशॉपात. एक जरी चुकली तरी गॅरंटीचं सगळं पुण्य तत्काळ नष्ट. आमच्या धर्मशास्त्रात निदान प्रायश्चित्ताची सोय तरी असते.

आता काटा दोन हजारांना टेकत आला आहे. मास्तर एवढा कुठं हिंडतो, असं निवृत्तीराव विचारतील, तर त्यांना सांग, रोज कौठळीला. शाळेच्या बोअरला अजून पाणी आहे. पहाटे मी दोन कॅन भरतो, कॅरिअरला दोन्हीकडं बांधतो, आव्वाच्या दारात उतरवतो आणि प्रार्थनेच्या घंटेला परत येतो. गावातली विहीर कोरडी आहे, हापसा नुसता वाजतो. लातूर जिल्हा वेगळा झाल्यापासून कौठळी कुठल्या टँकरच्या फेरीत बसते, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. जो तो दुसऱ्या टेबलाकडं बोट दाखवतो. आपली आई असली तरी आव्वा पोटच्या लेकाचं ऐकून गाव सोडत नाही. तुझ्या वहिनीनं, पार्वतम्मानं, दोनदा तिचं गाठोडं बांधलं, आव्वानं दोनदा सोडलं.

तर विनंती अशी. नांदेडला गाडी दोन दिवस ठेवावी लागते, असं मागच्या खेपेला कळलं. सर्व्हिसिंगची सुरुवात गाडी धुण्यापासून होते आणि वर्कशॉपला पाणी दिवसाआड येतं. ते दोन दिवस आव्वाला पाणी कोण नेणार? इथला महेबूब मिस्त्री ऑइल बदलून देईल. नुसता शिक्का निवृत्तीरावांनी नांदेडहून मारावा. विचारून कळव.

लोभ आहेच, या उन्हाळ्यात तेवढा एकच झरा आटलेला नाही.

तुझा
मन्मथअण्णा


नांदेड
१३ मार्च १९८६

ती. अण्णाच्या चरणी शिवगंगाचा शिरसाष्टांग शरणार्थ.

वि. वि. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. कीचेनचं ऐकून लई हसले आणि म्हणाले, तुमच्या अण्णांना म्हणावं, पेढे दोनच होते. शिक्क्याला मात्र न्हाई म्हणाले. गाडी दारात उभी असल्याशिवाय कुपनावर शिक्का मारता येत न्हाई. काट्याचा आकडा कंपनीचा माणूस येऊन तपासतो, आणि मागच्या साली एकानं असंच मेहुण्यासाठी केलं तर त्याला घरी बसवलं. तुला राग येईल, पण हे नोकरीला जपून राहिलेत, अण्णा. आम्हाला पण पोरंबाळं हायेत.

दुसरं म्हणजे कॅन बांधून गाडी आणू नको. कॅरिअरवर दोरीचे वळ पडलेत का बघ, पडले असले तर फडक्यानं पुसून आण. गाडीवर ओझं वाहिलं हे ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तर ह्यांना लिहावं लागतंय, आणि लिहिलं की तुझी गॅरंटी गेली. हे ह्यांनी मला सांगितलं न्हाई. हे पाटावर बसून भिंतीला सांगत होते, मी भाकरी टाकता टाकता ऐकलं.

आव्वाचं तू उगीच मनाला लावून घेतोस. आदल्या दिवशी चार कॅन जास्ती नेऊन ठेव, एकट्या म्हातारीला किती पाणी लागतंय? मग निवांत ये. रात्रीची माझ्याकडं राहा. वरण तुझ्या आवडीचं करते. तू आलास की निदान महिन्यात एकदा तरी घरात कुणी शुद्ध बोलतंय असं वाटतं.

वहिनीला शरणार्थ सांग. आव्वाला सांग, शिवा चिडलीय, म्हणून तरी येईल.

तुझी
शिवगंगा


अहमदपूर
२३ मार्च १९८६

चि. सौ. शिवगंगा हिस,
अनेक आशीर्वाद.

सर्व्हिसिंग उत्तम झाली. ऑइल बदललं, साखळी ओढली, प्लग साफ झाला, शिक्का जांभळा आणि सुस्पष्ट उमटला. कॅरिअरवरच्या वळांकडं निवृत्तीरावांनी पाहिलं आणि मग बराच वेळ आभाळाकडं पाहिलं. आभाळात पाहण्यासारखं काही नव्हतं. त्यांना माझे आशीर्वाद सांग. वरणही चांगलं होतं.

पुढचं लिहायला दोन दिवस लागले.

तू सांगितलंस तसे मी आदल्या दिवशी चार कॅन जास्तीचे नेऊन ठेवले. दोन खेपा केल्या. ओळीनं भिंतीला लावले, झाकणं घट्ट केली, आणि आव्वाला बजावलं की हे पाणी मी येईपर्यंतचं आहे. तिनं मान डोलावली. तिच्या त्या मान डोलावण्याला मी होकार समजलो. मी पन्नाशीला आलो तरी ही चूक सुटत नाही.

परतल्यावर तसाच कौठळीला गेलो. दार उघडं होतं, कॅन सगळे रिकामे, आणि आव्वा उंबऱ्याला डोकं लावून पडलेली. भामाबाई तिला पदरानं वारा घालत होती. भामाबाई आठवते ना? बौद्धवाड्यातली, जन्मभर आव्वाच्या बरोबरीनं खुरपलेली. तिनं सांगितलं ते असं. मी गेलो त्याच संध्याकाळी आव्वानं शेजारच्या पारूबाईला हाक मारली. पारूबाईचा नवरा लिंबाजी लकव्यानं अंथरुणावर आहे, त्याची धुणी, त्याचं अंग पुसणं. त्याला दोन कॅन गेले. एक भामाबाईला. तीन वाटेनं जाणाऱ्या शेळ्यावाल्यांना, कारण शेळ्या आव्वाकडं बघत होत्या. घरात सहा कॅन भरलेले आणि भिंतीपलीकडं माणूस कोरडा, हे तिला झोपू देईना.

तांब्यात उरलेलं पाणी तिनं लिंगपूजेला ठेवलं. तुला तिचं माहीत आहे. हातावरच्या लिंगाला पाणी घातल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. दुसऱ्या दिवशी ते संपलं. पूजा नाही, म्हणून जेवण नाही, म्हणून घोटही नाही. भामाबाईनं तिनंच दिलेलं पाणी परत आणलं, तर दिलेलं परत घेत नाही म्हणाली.

मी तिला पुढ्यात बसवली, धोतराच्या पानानं माझ्या पोटाशी बांधली आणि अहमदपूरला डॉक्टरकडं आणली. पुस्तिकेत हेही बसत नसणार. दोन बाटल्या सलाईन गेली. आता ती बरी आहे, उठून बसते आणि पार्वतम्माच्या कणकेत खोट काढते, म्हणजे बरीच बरी आहे. रोज विचारते, कौठळीला कधी सोडतोस.

तुला दोष देत नाही. चार कॅनांचा हिशेब मीही केलाच होता.

मन्मथअण्णा


नांदेड
२८ मार्च १९८६

ती. अण्णाच्या चरणी शरणार्थ.

पत्र मिळालं. त्या चार कॅनांचं मीच सुचवलं, ते काही डोक्यातून जात न्हाई. तू दोष देत न्हाईस म्हणून लिहिलंस, त्यानं तर जास्तीच झालं.

आता माझं ऐक. आव्वाला परत सोडू नको. रडू दे, शिव्या देऊ दे, दार लावून घे. तिला म्हणावं, तू ये, लिंबाजीला आणि भामाबाईला पाणी मन्मथ नेईल. एवढं साधं सांगायचं तर तू शास्त्र सांगत बसला असशील.

आणि गाडीचं. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढं सरकत न्हाई, असं तू जाताना ह्यांना बोलला होतास. हे म्हणतात, क्लच प्लेटा जळून राहिल्यात. गॅरंटीत बदलून मिळतील, पैसा लागणार न्हाई, ओझ्याचं हे काही लिहिणार न्हाईत. हो, लिहिणार न्हाईत, मी शपथ घालून विचारलं. पण प्लेटा पुण्याहून येतात, गाडी आठ-दहा दिवस इथं ठेवावी लागंल. बाहेरच्या मिस्त्रीला इंजिन उघडू द्यायचं न्हाई, उघडलं तर सगळं संपलं. आव्वा अहमदपूरला राहिली तर गाडी ठेवायला काय हरकत हाय? ठेव आणि मोकळा हो.

उलट टपाली कळव. माझा जीव टांगलाय.

शिवगंगा


अहमदपूर
२० एप्रिल १९८६

चि. सौ. शिवगंगा हिस,
अनेक आशीर्वाद.

उलट टपाली लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आता सरळच लिहितो.

आव्वा कौठळीला आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी शाळेत असताना ती पायी निघाली. लोह्याच्या वाटेवर एका बैलगाडीवाल्यानं ओळखून परत आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा मीच गाडीवर बसवून नेली, उन्हात रस्त्यावर पडण्यापेक्षा ते बरं.

क्लच महेबूबनं उघडला. बाजारातल्या प्लेटा बसवल्या, कंपनीच्या नव्हेत. इंजिनचं सील तोडताना त्यानं दोनदा थांबून माझ्याकडं पाहिलं, म्हणाला, सर, सोच लो, नवी गाडी है. मी मान डोलावली. संध्याकाळी गाडी मिळाली, पहाटे कॅन गेले. म्हणजे गॅरंटी संपली. निवृत्तीरावांना सांग, त्यांनी माझ्यासाठी जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते आता न लिहिण्याचीही गरज उरली नाही. त्यांचा माणूसपणा माझ्या लक्षात राहील. तिसरं कुपन पुस्तिकेत तसंच आहे, ते राहू दे.

तू लिहिलंस तसं मी आव्वाला सांगितलं होतं. साध्या शब्दांत, शास्त्र न सांगता. म्हटलं, तू अहमदपूरला राहा, पारूबाईला आणि भामाबाईला मी रोज पाणी आणतो, लिंगाची शपथ. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, तू आणशील रे. आठ दिवस आणशील. मग शाळेची परीक्षा येईल, मग गाडी बिघडेल, मग ताप येईल, मग एक दिवस चुकेल, आणि एक चुकला की पुढचे सोपे जातात. आई असलेल्या गावाला माणूस रोज जातो. शेजारणीच्या गावाला रोज कुणी जात नाही. यात तुझं वाईट काही नाही, असंही म्हणाली. माझं वाईट वाटू नये म्हणून हसली.

म्हणून ती तिथं आहे. हट्ट नाही, घराची ओढही नाही. ती तिथं बसली आहे तोवर दोन कॅन येतात, आणि ते तीन घरांना पुरतात. तिच्या वाटणीला काय उरतं, ते मी तिच्या ओठांवर पाहतो. जास्त नेलं तर जास्त वाटते. तिसरा कॅन बांधून पाहिला, चढावर गाडी आडवी झाली. पुन्हा टँकरच्या कचेरीत जाऊन आलो. आता त्यांचं म्हणणं, गावात माणसंच फारशी नाहीत, टँकर कुणासाठी पाठवायचा.

मी तिच्यापुढं पुष्कळ बोललो असतो. उभा जन्म खंडन-मंडनात गेला आहे. पण त्या दिवशी मी कॅन गाडीला बांधायला लागलो, आणि का ते मला कळतं.

शिवा, तू ये. एकटी ये, लवकर ये. तुझं ती ऐकेल म्हणून नव्हे. तिला पाहून घे म्हणून.

या उन्हाळ्यातून आव्वा वाचेल असं मला वाटत नाही. त्याहून मोठी भीती दुसरी आहे, ती पार्वतम्मालाही सांगितलेली नाही. आव्वा गेल्यावर, तिचं सगळं आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते दोन कॅन भरीन की नाही, हे मला माहीत नाही.

तुझा
मन्मथ